रवा धरला

हिंदुराव चौगुले आता बोलत नाही, पण त्याचा आवाज माझ्या मानेत आहे.

सदऱ्याच्या कॉलरखाली डाव्या अंगाला नखाएवढी पातळ पट्टी चिकटवलेली असते. अंघोळीला काढावी लागत नाही, टोचत नाही, तिचा भार जाणवत नाही. ती सहसा गप्प असते. सकाळी एकदा तेवढी म्हणते, "साठा हाय तसाच हाय," आणि मी चहाला बसतो. पंचगंगेच्या काठापासून पार कर्नाटकाच्या हद्दीपर्यंत जेवढ्या माना या पट्टीच्या आहेत, तेवढ्या सगळ्यांतून हिंदुरावच बोलतो. ओळखीचा माणूस अनोळखी माणसाच्या गळ्यातून बोलायला लागला की पहिल्यांदा अंगावर काटा येतो. नंतर सवय होते. मालनवहिनींना ती कधीच झाली नाही.

मालनवहिनी म्हणजे हिंदुरावची बायको. आमची घरं भिंतीला भिंत लागून. हिंदुराव गुळव्या होता. कायलीतला, त्या मोठ्या कढईतला, उसाचा रस कधी उतरायचा हे ज्याच्या शब्दावर ठरतं तो गुळव्या. आता गुऱ्हाळं विजेवर चालतात, रसाचा कढ यंत्र मोजतं, तरी म्हातारा झाल्यावरही हंगामात त्याला बोलावून नेत. तो कायलीशेजारी उभा राहायचा, बुडबुडे बघायचा, आणि रस आटून दाणा दिसायला लागला की समाधानानं म्हणायचा, "रवा धरला." मग कायल वाफ्यात, गूळ निववायच्या हौदात, उतरायची आणि माणसं हसायला लागायची, कारण गूळ चांगला होणार हे पक्कं झालेलं असायचं. आमच्याकडं गुळाच्या ढेपेलाही रवाच म्हणतात, आतल्या कणालाही रवाच, आणि घरात तूप कढवलं तर ते रवाळ झालं का हेच पहिलं विचारतात. या शब्दात आमच्या गावाला वाईट असं कधी काही दिसलंच नाही.

त्यांची एकुलती एक मुलगी धनश्री. ती पुण्यात या पट्ट्या करणाऱ्या कंपनीत कामाला होती. एका हंगामात ती गुऱ्हाळावर आली आणि वाफ्याशेजारी पोत्यावर बसून तिनं आम्हाला तिचं काम समजावून सांगितलं. ते मला अजून आठवतं, कारण त्यानंतर मी तेलाच्या वाटीकडं पहिल्यासारखं बघू शकलो नाही.

कोलेस्टेरॉल म्हणजे विष नव्हे, ती म्हणाली. शरीरातल्या प्रत्येक पेशीच्या कडेला ते लागतंच. पण रक्तात ते फार झालं की त्याला वाहून नेणारे बारीक कण धमनीच्या अस्तराखाली शिरतात, तिथं अडकतात आणि नासतात. मग शरीराच्या राखणदार पेशी त्यांना गिळायला येतात. गिळलेलं कोलेस्टेरॉल मोकळं ठेवलं तर ते त्या पेशीच्याच जिवावर उठतं. म्हणून पेशी त्याला चरबीतल्या आम्लाची जोड देते, त्याचे तेलकट थेंब करते आणि पोटात साठवते. असे थेंब भरून भरून ती सूक्ष्मदर्शकाखाली फेसासारखी दिसायला लागते. तिला फेसपेशीच म्हणतात. थोडंथोडं सोडवून ती ते परत रक्तातल्या वाहकांच्या हवाली करत असते. जोवर हे येणं-जाणं जमतं तोवर माणसाला काही कळतसुद्धा नाही.

"आणि न्हाई जमलं तर?" हिंदुरावनं विचारलं.

तर थेंबात न मावलेलं कोलेस्टेरॉल मोकळं राहतं, ती म्हणाली. एका सुमारापलीकडं ते गेलं की त्याचे स्फटिक बनायला लागतात. पातळ पत्र्यासारखे, सुईसारख्या टोकांचे. पेशी मरते आणि तिचं सगळं पोट धमनीच्या भिंतीत सांडतं. ते गिळायला दुसरी पेशी येते, तीही भरते, तीही मरते. भिंतीत गाळ साठत जातो आणि त्या गाळावर नुसता एक पापुद्रा उरतो. स्फटिक बनताना कोलेस्टेरॉल जास्त जागा मागतं. जागा नाही मिळाली की सुया पापुद्र्यात घुसतात. पापुद्रा फाटला की रक्त तिथं गोठतं. ते हृदयाच्या नळीत झालं तर झटका, मानेच्या नळीत झालं तर लकवा.

कंपनीच्या माणसांनी एक गोष्ट शोधली होती. स्फटिक बनताना आवाज होतो. आपल्या कानाला येण्यासारखा नव्हे, पण पट्टीला येतो. तापलेल्या कौलावर पाण्याचे थेंब पडावेत तशी बारीक तडतड. मानेतली असो की छातीतली, ती धमनीच्या भिंतीतूनच पट्टीपर्यंत पोचते. ती सुरू झाल्यापासून पापुद्रा फाटेपर्यंत बहुतेक वेळा काही तास मिळतात. तेवढ्यात दवाखाना गाठला तर साखरेच्या कणांपासून केलेल्या बारीक कड्या शिरेतून सोडतात. त्या स्फटिकातलं कोलेस्टेरॉल आपल्या पोकळीत धरून विरघळवून नेतात.

हिंदुराव हसला. "गुळव्याच्या पोरीनं औषध काढलं ते बी साखरंचंच," तो म्हणाला, आणि धनश्रीही हसली.

तिची अडचण वेगळी होती. तडतड सुरू झाली की पट्टीनं माणसाला सांगायचं असतं, आणि पहिल्या पट्टीची मराठी कुणाला कळत नव्हती. "आपल्या धमनीभित्तिकेत स्फटिकीभवन आरंभले आहे" असं ती म्हणायची. शिरोळकडच्या एका म्हाताऱ्यानं ते ऐकून वायरमनला बोलावणं धाडलं होतं. म्हणून आता त्या त्या भागातल्या बोलीत, त्या त्या भागातल्या माणसाच्या आवाजात सांगायचं कंपनीनं ठरवलं होतं, आणि आमच्या भागाचं काम धनश्रीकडं होतं. तिनं वडिलांना विचारलं, "आबा, काकवीत खडे व्हायला लागले की तुम्ही काय म्हणता?"

"रवा धरतोय म्हंतो. काय म्हननार?"

तिचा चेहरा उजळला. इतका सोपा, इतका नेमका शब्द तिला पुण्यात बसून सापडला नव्हता. शब्द आबांचा तर आवाजही आबांचाच, असं तिनं तिथंच ठरवलं. कायलीशेजारी उभं करून तिनं त्याच्याकडून म्हणवून घेतलं. साठा हाय तसाच हाय. साठा वाढतोय, जपा. रवा धरला, डॉक्टरांना भेटा. शेवटचं ती पुन्हा पुन्हा म्हणायला लावत होती. आबा, जरा गंभीरपणे म्हणा, असं सांगत होती. त्याला ते जमेना. जन्मभर ते दोन शब्द तो एकाच सुरात म्हणत आला होता, कायल साधली की जो सूर लागतो त्या सुरात.

"चांगल्या गोष्टीला त्वांड वाकडं कशाला करू?" तो म्हणाला.

शेवटी तिनं तेच ठेवलं. आवाज खरा होता, आणि खरा आवाज लोक ऐकतात असं कंपनीचं म्हणणं होतं.

पट्ट्या आल्या. सरकारी दवाखान्यातून वाटल्या गेल्या, साखर कारखान्यानं कामगारांना दिल्या, दूध संघानं सभासदांना दिल्या. गावात चेष्टेला ऊत आला. कुणाच्या गळ्यातून आवाज आला की पोरं म्हणायची, हिंदूतात्या आलं. एका बाईनं सांगितलं की नवऱ्याच्या पट्टीतून सकाळी सकाळी हिंदूतात्या बोलतो तर तिला डोक्यावर पदर घ्यावा लागतो. हिंदुराव कट्ट्यावर बसून हे ऐकायचा आणि मिशीत हसायचा. त्या वर्षी तो ताठ चालत होता.

मालनवहिनींचा थोरला भाऊ तातोबा शेजारच्याच गावात राहायचा. अंगानं दांडगा, खाण्याला दर्दी. त्याची पट्टी महिनोन्‌महिने म्हणत होती, साठा वाढतोय, जपा. तो वैतागला होता. एके दिवशी दूध घालायला डेअरीवर उभा असताना त्याच्या मानेतून हिंदुराव समाधानानं म्हणाला, "रवा धरला, डॉक्टरांना भेटा."

तातोबानं चारचौघांना ऐकवलं. पातळ होतं ते एकदाचं घट्ट झालं, म्हणाला. आमच्या दाजीनं सांगितलं म्हणजे झालं. डॉक्टरांना ही खबर द्यायला सोमवारी बाजाराच्या दिवशी जाऊ, आणि जाताना त्यांना एक गुळाचा रवा घेऊन जाऊ, असंही तो बोलला. डेअरीवर कुणाला त्यात वावगं वाटलं नाही. मी तिथं असतो तर मलाही वाटलं नसतं. तो घरी गेला, पोटभर जेवला, अंगणात लिंबाखाली बाजेवर कलंडला आणि उठला नाही.

निरोप आल्यावर हिंदुराव, मालनवहिनी आणि मी गेलो. उन्हं कलली होती. अंगणात बायका रडत होत्या. रडणं मधूनच थांबायचं, आणि ते का थांबतं ते आम्हाला आत पाऊल टाकल्यावर कळलं. पट्टीला माणूस गेल्याचं कळलेलं नव्हतं. धमनीच्या मेलेल्या भिंतीतही स्फटिक वाढत राहिले असतील, किंवा ती आधी ऐकलेलंच पुन्हा सांगत असेल. थोड्या थोड्या वेळानं त्या थंड मानेतून हिंदुराव म्हणत होता, "रवा धरला." कायल साधल्यासारखा. एवढ्या माणसांत ती काढायला कुणी धजत नव्हतं.

शेवटी मालनवहिनींनी भावाच्या मानेला हात घातला आणि पट्टी ओढून काढली. मुठीत धरली तरी ती एकदा बोललीच. हिंदुराव दारात उभा होता. सगळ्या बायकांनी मान वळवून त्याच्याकडं बघितलं.

तातोबा एकटाच नव्हता. आमच्या भागात अशी माणसं निघाली ज्यांनी तो आवाज ऐकून पेढे वाटले, देवाला नारळ फोडला; एका सासऱ्यानं तर सुनेकडं गोडाचं जेवण मागितलं. धनश्री आली ती ओळखू येईना अशी. दोन दिवस ती वडिलांसमोर बसून राहिली. शब्द मीच निवडला आबा, ती म्हणत राहिली. तो म्हणाला, शब्दाचं काय न्हाई पोरी, सूर चुकला.

कंपनीनंही तेच म्हटलं. आता शब्द बदलला तर लोक आणखी गोंधळतील, सूर बदला. हिंदुरावला पुण्याला नेलं, काचेच्या खोलीत बसवलं आणि भिऊन म्हणायला सांगितलं. त्यानं मनापासून प्रयत्न केला. पण ज्यानं जन्मात कधी भिऊन आवाज काढला नाही त्याला तो मागून कसा येणार. शेवटी कंपनीनं त्याला घरी धाडलं. त्यांच्याकडं त्याच्या आवाजाचे पुरेसे नमुने होते. उरलेलं काम यंत्रानं केलं.

नवा आवाज सगळ्यांच्या पट्ट्यांत एकाच दिवशी आला. मी तो पहिल्यांदा ऐकला तो एसटीत. मी आणि मालनवहिनी कोल्हापूरहून परत येत होतो. पुढच्या बाकावरच्या एका अनोळखी माणसाच्या मानेतून हिंदुराव ओरडला, "रवा धरला, आत्ताच्या आत्ता दवाखान्यात चला." घसा सुकलेला, श्वास तुटलेला, शेवटचा शब्द रडकुंडीला आलेला. विहिरीत पडलेला माणूस हाक मारतो तसा. कंडक्टरनं गाडी तशीच दवाखान्याकडं घ्यायला लावली आणि तो माणूस वाचला. यंत्राचं काम चोख होतं.

मालनवहिनी बाकाची कड घट्ट धरून बसल्या होत्या. लग्नाला इतकी वर्षं झाली, बैल अंगावर आला तेव्हा, महापुराचं पाणी उंबऱ्याला लागलं तेव्हा, त्यांनी नवऱ्याचा असा आवाज कधी ऐकला नव्हता. उतरताना त्या मला म्हणाल्या, "भावजी, त्या आवाजाला त्वांड कसलं असंल वो?"

मी त्यांची पिशवी घेतली आणि पुढं चालू लागलो.

त्यानंतर माणसं वाचायला लागली. हे खरं आहे आणि ते सांगितलंच पाहिजे. पण गावात एक चमत्कारिक गोष्ट झाली. हिंदुराव बोलला की लोक दचकायला लागले. त्यानं हॉटेलात साधा चहा मागितला तर पट्टी लावलेला एक जण छातीला हात लावून उठला. देवळात भजनाला त्यानं सूर धरला तर मागची दोन म्हातारी माणसं बाहेर निघून गेली. पोरांना नवी चेष्टा मिळाली. "काय तात्या, काल लई भ्यालासा की," असं ती विचारायची. पूर्वी तो मिशीत हसायचा. आता त्यानं हळूहळू बोलणंच सोडलं. गुऱ्हाळावर जाणं बंद केलं. कायलीशेजारी ते दोन शब्द आता म्हणायचे कसे, हा त्याचा प्रश्न होता. घरात मालनवहिनींशी तेवढं बोलायचा, तेही खालच्या आवाजात, भिंतीपलीकडं मला ऐकू येऊ नये असं.

त्याची स्वतःची पट्टी त्यानं तातोबाच्या दारातून आल्यावरच काढून टाकली होती. मालनवहिनींचा जीव त्यात अडकला. भाऊ गेला होता, आता नवऱ्याची मान उघडी होती. त्या विनवायच्या, रागवायच्या, जेवण ताटावर तसंच सोडून उठायच्या. तो ऐकेना. एकदा मी दारात असताना त्यानं त्यांना सांगितलं, "माझ्याच गळ्यातनं मीच मला भ्या दाखवू व्हय? तसा आवाज माझा न्हवंच, मालन. तो कुनाचा हाय ते मला ठावं न्हाई."

अखेर धनश्रीनं पट्टी नको तर नुसती तपासणी करा असं पटवलं. कोल्हापुरात डॉक्टर हुक्केरी म्हणून एक बाई होत्या, धनश्रीच्या ओळखीच्या. त्यांनी मान तपासली आणि मालनवहिनींना बाजूला घेऊन सांगितलं की डाव्या नळीत साठा बराच आहे, पापुद्रा पातळ आहे. आत्ता रवा नाही, पण पुढचं सांगता येत नाही, डाव्या डोळ्यापुढं अंधारी आली तर तो धरला समजा. पट्टी लावल्याशिवाय यांना घरी नेऊ नका. मालनवहिनींनी बाहेर येऊन नवऱ्याला तसंच्या तसं सांगितलं. मी सोबत गेलो होतो. तो म्हणाला, बरं, लाव म्हणावं.

पट्टी आणायला नर्स आत गेली. आम्ही बाहेरच्या मोठ्या खोलीत थांबलो. ती खोली मी विसरणार नाही. भिंतीला लागून बाकं, बाकांवर आमच्यासारखीच माणसं, प्रत्येकाच्या मानेवर पट्टी. साठा हाय तसाच हाय, असं एका कोपऱ्यातून हिंदुराव म्हणायचा. साठा वाढतोय, जपा, असं दुसऱ्या कोपऱ्यातून म्हणायचा. दाराशी स्ट्रेचरवर एकाला आणत होते आणि त्याच्या मानेतून हिंदुराव भेदरून ओरडत होता. नर्सा कामात होत्या, त्यांचे कान या आवाजाला मेले होते. आणि या सगळ्याच्या मधे खरा हिंदुराव खिडकीशी तोंड मिटून उभा होता, आपलंच बोलणं चहूकडून ऐकत.

त्यानं डावा डोळा चोळला. पुन्हा चोळला. मग खिडकीच्या गजाला धरून, कायलीत बघावं तसं बाहेर बघत, शांतपणे म्हणाला, "मालन, रवा धरला."

कुणी मान वळवली नाही. खोलीत तो आवाज इतक्या तोंडांनी बोलत होता की आणखी एकाचं कुणाला काय. खरं सांगायचं तर मीही लक्ष दिलं नाही. कुणाची तरी जुनी पट्टी राहिली असेल, असं मनात येऊन गेलं.

मालनवहिनी मात्र उठल्या. आवाजात भीती नव्हती म्हणून उठल्या. समाधान होतं, ते जुनं, कायल साधल्याचं, आणि ते त्या खोलीत फक्त एका माणसाजवळ असू शकत होतं. त्यांनी धावत जाऊन त्याला धरलं तेव्हा त्याचा उजवा हात गजावरून सुटत होता. त्यांच्या हाकेनं डॉक्टर हुक्केरी बाहेर आल्या आणि त्याला तसाच आत नेलं. साखरेच्या कड्या शिरेतून गेल्या, सुया विरघळल्या, नळी उघडली. थोडा उशीर झाला असता तर माणूस गेला असता, डॉक्टर म्हणाल्या. पण एक बारीक तुकडा त्याआधीच सुटून वर मेंदूत गेला होता.

हिंदुराव वाचला. उजवा पाय ओढत का होईना चालायला लागला. त्याला सगळं कळतं, माणूस ओळखतो, कुणी विनोद केला तर डोळ्यांत हसतो. बोलणं तेवढं गेलं. ते परत येईल म्हणून डॉक्टरांनी व्यायाम दिले, मालनवहिनींनी ते नेमानं करून घेतले, पण ओठ हलतात आणि आत काही नाही.

त्याच वर्षी मालनवहिनींची तपासणी झाली. त्यांच्याही मानेत साठा निघाला. भावाचंच रक्त, डॉक्टर म्हणाल्या. धनश्री स्वतः पट्टी घेऊन आली. त्यावर त्या माय-लेकींचं जे बोलणं झालं ते मला भिंतीपलीकडं ऐकू आलं, कारण दोघींचाही आवाज चढला होता.

मालनवहिनींना जुना आवाज हवा होता, गुऱ्हाळावर घेतलेला. धनश्री म्हणत होती की तो कंपनीनं सगळीकडून काढून टाकला आहे, त्या आवाजानं माणसं मेली आहेत, मामा मेला आहे.

"आई, तो ऐकून तू उठणार नाहीस. कुणीच उठलं नव्हतं."

"मी उठले की दवाखान्यात. त्या येवढ्या खोलीत मीच उठले."

मग मालनवहिनी खालच्या सुरात काहीतरी म्हणाल्या. ते मला ऐकू आलं नाही, पण नंतर धनश्रीनंच सांगितलं. त्या म्हणाल्या होत्या, त्यांचा आवाज आता कुठंच न्हाई गं. हजार माणसांच्या गळ्यात कुनीतरी दुसराच रडतोय. माझ्याजवळ तरी त्यांचा असू दे.

कंपनीचा नियम मोडून धनश्रीनं तो आवाज आईच्या पट्टीत घातला.

तेव्हापासून रोज सकाळी त्यांच्या सोप्यात, बाहेरच्या पडवीत, एक गोष्ट घडायची. मालनवहिनींच्या मानेतून जुना हिंदुराव म्हणायचा, साठा हाय तसाच हाय. समोर बसलेला हिंदुराव त्या शब्दांबरोबर ओठ हलवायचा, अगदी जुळवून. लांबून बघणाऱ्याला वाटावं तोच बोलतोय. मालनवहिनी त्याच्याकडं बघत राहायच्या आणि उत्तर द्यायच्या. "व्हय, ऐकलं," म्हणायच्या. कधी त्याला काही विचारायच्या आणि पट्टी काहीतरी बोलेल म्हणून थांबून राहायच्या. मला ते बघवायचं नाही आणि तरी मी बघायला जायचो.

परवाच्या हंगामातली गोष्ट. ऊसतोड सुरू झाली होती, गुऱ्हाळाचा गोड वास गावभर होता. नव्या गुळव्यानं पहिल्या आधणातला एक रवा मान म्हणून हिंदुरावकडं धाडला होता. सकाळचं कोवळं ऊन सोप्यात आलेलं. मालनवहिनी अडकित्त्यानं गूळ फोडत होत्या, हिंदुराव खांबाला टेकून बसला होता आणि मी दारात चहा पीत होतो. त्यांनी गुळाचा एक तुकडा त्याच्या डाव्या हातावर ठेवला आणि विचारलं, "कसा झालाय?"

तेवढ्यात त्यांच्या मानेतून हिंदुराव म्हणाला, "रवा धरला."

इतकं जुळून आलं की मी हसलो, आणि पुढचं डॉक्टरांना भेटायचं त्या हसण्यात बुडालं. मालनवहिनींच्या तोंडावर तर असं समाधान पसरलं की त्या क्षणी त्या नव्या नवरीसारख्या दिसल्या. नवऱ्यानं विचारल्याचं उत्तर दिलं होतं. त्या तशाच बसून राहिल्या, हातात अडकित्ता, तोंडावर हसू.

हिंदुरावचे ओठ हलले नाहीत. गुळाचा तुकडा त्याच्या हातातून खाली पडला. त्यानं डाव्या हातानं त्यांचं मनगट पकडलं आणि ओढलं. तोंड उघडलं, मिटलं, पुन्हा उघडलं. डोळे विस्फारलेले, गळ्याच्या शिरा ताणलेल्या, खालचा ओठ लहान पोरासारखा थरथरत होता. घशातून हवेशिवाय काही निघत नव्हतं. बैल अंगावर आला तेव्हा नव्हता, महापूर आला तेव्हा नव्हता, असा हिंदुराव मी पहिल्यांदा बघत होतो.

मालनवहिनींचं हसू हळूहळू उतरलं. त्यांनी त्याच्या गालाला हात लावला आणि निरखून बघितलं, ओळख पटवून घ्यावी तसं.

"भावजी," त्या म्हणाल्या, "हेच त्वांड व्हय त्या आवाजाचं."

मग त्यांनी अडकित्ता खाली ठेवला आणि चपला शोधायला उठल्या. मी गाडी बोलवायला रस्त्यावर पळालो. उंबरा ओलांडताना मागून, वहिनींच्या मानेतून, तो पुन्हा म्हणाला, समाधानानं, कायल साधल्यासारखा, "रवा धरला."